बहमनी राज्य कोणी बुडवले?

राज्ये का बुडतात, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक, शत्रू फार बलाढ्य होता. दुसरे, राज्यकर्ते ऐषआरामात आणि शराब-कबाबात बुडाले होते. पहिले उत्तर आपल्या मनाला दिलासा देते, कारण त्यात दोष दुसऱ्याचा असतो. दुसरे उत्तर ऐकायला चांगले वाटते, कारण त्यात दोष फक्त बादशहाचा असतो, बाकीचे सगळे निर्दोष सुटतात. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे. पण आपल्याच भूमीवर उदयाला आलेल्या आणि आपल्याच भूमीवर मावळलेल्या एका मोठ्या राज्याचा इतिहास पाहिला, तर ही दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. ते राज्य म्हणजे दख्खनचे बहमनी राज्य.

दिल्लीची लोदी सल्तनत कशी संपली, असे विचारले तर विद्यार्थी चटकन सांगतात, पानिपत, १५२६. विजयनगरला उतरती कळा कशी लागली, तर तालिकोट, १५६५. पण बहमनी राज्य कोणत्या लढाईत संपले? शाळेत हा प्रश्न विचारला की वर्गात शांतता पसरते. मुलांचा त्यात काही दोष नाही. अशी लढाई झालीच नाही. दक्षिणेत विजयनगर होते, उत्तरेस माळव्याचा सुलतान होता, पूर्वेस ओरिसाचे गजपती होते. या सर्वांशी बहमनी सुलतानांच्या लढाया झाल्या, कधी विजय तर कधी पराजय. पण यांपैकी कोणीही बिदर जिंकून हे राज्य बुडवले नाही. ते आतून बुडाले.

राज्य उभे कसे राहिले?

मुहम्मद बिन तुघलकाच्या धोरणांना कंटाळून दख्खनमधील अमिरांनी, ज्यांना ‘अमीरान-ए-सदा’ म्हणत, दौलताबादला बंड केले. त्यांनी आधी इस्माईल मुख या वयस्क सरदाराला गादीवर बसवले. पण लढाईचा भार हसन नावाचा सरदार वाहत होता. तेव्हा इस्माईलने स्वतःहून बाजूला होऊन हसनला जागा करून दिली. ३ ऑगस्ट १३४७ रोजी तो अलाउद्दीन हसन बहमनशाह या नावाने तख्तावर आला. पुढे याच इस्माईल मुखला कटाच्या आरोपावरून ठार करण्यात आले. म्हणजे राज्याच्या पायाभरणीतच दोन्ही गोष्टी आहेत. लायक माणसासाठी जागा सोडण्याचे मोठेपण आहे आणि संशयाचे विषही आहे. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत या दोहोंपैकी संशयच वाढत गेला.

याच सुमारास उत्तर आफ्रिकेत इब्ने खल्दून हा थोर इतिहासकार राज्यांच्या उदयास्ताचा विचार करीत होता. १३७७ मध्ये त्याने आपला ‘मुकद्दमा’ लिहिला. त्याच्या म्हणण्याचे सार असे, की राज्य उभे राहते ते ‘असबिया’च्या म्हणजे आपलेपणाच्या, एकजुटीच्या बळावर, आणि ही एकजूट विरली की राज्यही विरते. साधारण तीन पिढ्या, म्हणजे एकशे वीस वर्षे, एवढे त्याने घराण्याचे आयुष्य मानले. त्याला दख्खनची माहिती असण्याचे कारण नव्हते. पण बहमनी राज्यावर ते मत पडताळून पाहावे असेच आहे.

दख्खनी आणि आफाकी

राजधानी आधी गुलबर्ग्याला होती. पुढे अहमदशाह वली (१४२२-१४३६) याने ती बिदरला नेली. राज्य मोठे होत होते, त्याला शिपाई, विद्वान, मुत्सद्दी, कारागीर हवे होते. दाभोळ, चौल, गोवा या बंदरांतून इराण, इराक, तुर्कस्तान येथून माणसे येत होती. त्यांना ‘आफाकी’ म्हणत, म्हणजे दूर क्षितिजापलीकडून आलेले. ‘गरीब-उद-दियार’ म्हणजे परदेशी असाही शब्द होता. उलट, जे तुघलकांच्या काळात उत्तरेतून येऊन येथेच रुजले, ज्यांची आई-आजी इथली होती, किंवा जे मूळचे इथलेच होते आणि मुसलमान झाले, ते ‘दख्खनी’. हबशी बहुधा दख्खनींच्या बाजूने असत.

या भांडणाला शिया-सुन्नी असाही रंग होता, कारण आफाकींत शिया अधिक होते. पण केवळ धर्मपंथाचे भांडण म्हणून याकडे पाहणे चुकीचे ठरेल. मूळ प्रश्न मनसब, जहागीर आणि किल्ल्यांचा होता. आफाकी म्हणत, आम्ही शिकलेले, लढवय्ये, दरबार आमच्यामुळे शोभतो. दख्खनी म्हणत, ही जमीन आमच्या बापजाद्यांनी मिळवली, काल जहाजातून उतरलेला माणूस आज आमच्या डोक्यावर का? दोघांच्याही म्हणण्यात खरेपणा होता. आणि दोघांचे भांडण मिटवण्याची कोणतीही कायमची व्यवस्था राज्यात नव्हती. सुलतान ज्याच्या बाजूने झुकेल, तो पक्ष वर आणि दुसरा खाली, हीच काय ती व्यवस्था.

चाकणचा किल्ला

याचे फळ पंधराव्या शतकाच्या मध्यावर दुसऱ्या अलाउद्दीन अहमदच्या काळात दिसले. खलफ हसन बसरी हा आफाकी सरदार, ज्याला मलिक-उत-तुज्जार हा किताब होता, कोकणच्या मोहिमेवर गेला. शिर्के आणि खेळण्याचा म्हणजे आजच्या विशाळगडाचा राजा यांनी त्याला घनदाट रानात गाठून मारले. मोहीम बुडाली. जे आफाकी शिपाई वाचले, ते पुण्याजवळच्या चाकणच्या किल्ल्यात आश्रयाला आले. दख्खनी सरदारांनी सुलतानाला कळवले, की हे लोक बंडखोर झाले आहेत आणि शत्रूला मिळाले आहेत. सुलतानाने चौकशी न करता हुकूम दिला. शपथा घेऊन आणि अभय देऊन त्या लोकांना बाहेर काढण्यात आले आणि त्यांची कत्तल झाली. काही जण निसटून बिदरला पोहोचले, तेव्हा खरी हकीकत उघड झाली. मग सुलतानाने दख्खनी सरदारांना कठोर शिक्षा केल्या.

शिक्षा झाली, पण रीत बदलली नाही. आरोप आधी, शिक्षा नंतर आणि चौकशी सर्वांत शेवटी, हा क्रम तसाच राहिला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ही हकीकत आपल्याला मुख्यतः फरिश्ता या इतिहासकाराकडून कळते. फरिश्ता स्वतः आफाकी होता, त्याचे सहानुभूतीचे पारडे कोणीकडे झुकणार हे उघड आहे. दख्खनींची बाजू मांडणारा तेवढा मोठा इतिहासकार आपल्याला लाभला नाही. म्हणून एक पक्ष दुष्ट आणि दुसरा साधा, असा निकाल देण्याच्या फंदात पडू नये.

ख्वाजा महमूद गावान

याच सुलतानाच्या काळात, १४५३ मध्ये, इराणच्या गिलान प्रांतातील एक व्यापारी दाभोळ बंदरात उतरला आणि बिदरला आला. तो ख्वाजा महमूद गावान. चार सुलतानांची त्याने सेवा केली. तिसऱ्या मुहम्मदशाहच्या काळात तो राज्याचा वकील म्हणजे मुख्य वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने गोवा घेतले. त्याच वर्षी बिदरला त्याचा प्रसिद्ध मदरसा पूर्ण झाला. तीन मजली इमारत, दर्शनी भागावर रंगीत फरशांची नक्षी, विद्यार्थ्यांच्या खोल्या, शिक्षकांची निवासस्थाने, आणि ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ असल्याचे सांगतात. शिक्षकाने एकदा तरी ही वास्तू पाहावी. तिचा अर्धा भाग पडलेला आहे, तरी उरलेला भाग माणसाला गप्प करतो.

पण गावानचे खरे काम विटा-चुन्यात नव्हते, कारभारात होते. राज्याचे गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि तेलंगण असे चार तरफ म्हणजे प्रांत होते. प्रत्येक तरफदार आपल्या प्रांतात जवळजवळ राजाच असे. गावानने चाराचे आठ केले. वऱ्हाडचे गाविलगड आणि माहूर, दौलताबादचे दौलताबाद आणि जुन्नर, गुलबर्ग्याचे गुलबर्गा आणि विजापूर, तेलंगणचे राजमहेंद्री आणि वरंगळ. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकी किल्ल्यांवरचे किल्लेदार थेट दरबारातून नेमले. काही जमीन सुलतानाच्या खालशात घेतली. जमिनीची मोजणी सुरू केली. सरदाराला दर ५०० शिपायांमागे मिळणारी रक्कम वाढवली, पण शिपाई कमी भरले तर त्या प्रमाणात पैसे परत घेण्याचा नियमही केला.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे आठ प्रांत त्याने दोन्ही पक्षांत वाटले. स्वतः आफाकी असून मलिक हसन बहरी, फतहुल्ला इमाद-उल-मुल्क, हबशी दस्तूर दीनार आणि खुदावंद खान यांना त्याने मोठ्या जागा दिल्या. त्याचबरोबर यूसुफ आदिल खानासारख्या आफाकींनाही दिल्या. कोणाचा माणूस, हे न पाहता कामाचा माणूस, हे पाहण्याचा हा प्रयत्न होता.

मात्र या सुधारणांत एक मोठी उणीव होती. त्या सर्व एका माणसाच्या खांद्यावर उभ्या होत्या. ज्यांचे अधिकार कापले गेले ते सगळे नाराज होते आणि ज्यांना न्याय मिळाला ते संघटित नव्हते. सुधारणा टिकवणारी संस्था नव्हती. होता फक्त गावान, आणि त्याच्यावर सुलतानाचा विश्वास.

कोऱ्या कागदावरचा शिक्का

तो विश्वास तोडणे पुरेसे होते. तेलंगणचे दोन भाग झाल्याने ज्याच्या अधिकाराला कात्री लागली, तो मलिक हसन बहरी कटाचा सूत्रधार झाला. फरिश्ता सांगतो, की तो मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, बालपणी कैद होऊन बिदरला आलेला आणि स्वतःच्या कर्तबगारीवर वर चढलेला. कटवाल्यांनी गावानचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला फितवून, दारूच्या नशेत असताना, कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला उद्देशून पत्र लिहिले. सुलतान दुबळा आहे, आपण स्वारी करा, राज्य वाटून घेऊ, असा त्याचा आशय. पत्र सुलतानाच्या हाती पडेल अशी तजवीज केली.

सुलतानाचा तळ तेव्हा आंध्रात कोंडपल्लीला होता. त्याने गावानला बोलावणे धाडले. मित्रांनी सांगितले, जाऊ नका, गुजरातेत निघून जा. तो गेला नाही. सुलतानाने पत्र दाखवले. शिक्का माझा आहे, मजकूर माझा नाही, एवढेच तो म्हणाला. पत्र कोणी आणले, कोणाच्या हस्ताक्षरात आहे, शिक्का कोणाकडे असतो, यांपैकी एकही प्रश्न विचारला गेला नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी, सत्तरी ओलांडलेल्या त्या वजिराचे मस्तक उडवण्यात आले. मग त्याचा खजिना मोजायला माणसे गेली. एवढ्या मोठ्या वजिराच्या घरात संपत्ती अशी फार निघालीच नाही. सुलतानाला सत्य कळले तेव्हा वेळ निघून गेली होती. एका वर्षाच्या आत, मार्च १४८२ मध्ये, तोही मरण पावला.

पाच तुकडे

गावानच्या जागी कोण आला? मलिक हसन बहरी. तख्तावर बारा वर्षांचा महमूदशाह बसला. बिदरच्या रस्त्यांवर आफाकी आणि दख्खनी उघडपणे एकमेकांना कापू लागले. १४८६ मध्ये मलिक हसनचाही बिदरलाच खून झाला. १४८७ मध्ये सुलतानाच्या महालावर हल्ला झाला, तेव्हा आफाकींनी त्याला वाचवले आणि मग दख्खनींची कत्तल झाली. आता पुढच्या प्रत्येक तरफदाराने एकच हिशेब केला. जेथे गावानसारख्या माणसाचे शीर सुरक्षित नाही, त्या राजधानीत आपण कशाला जायचे?

मलिक हसनचा मुलगा मलिक अहमद जुन्नरला होता. २८ मे १४९० रोजी त्याने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात १४९४ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसवले. विजापूरला यूसुफ आदिल खान, वऱ्हाडात फतहुल्ला इमाद-उल-मुल्क असे १४९०च्या सुमारास स्वतंत्र झाले. पुढे गोवळकोंड्यात कुतुब-उल-मुल्क. बिदरमध्ये कासीम बरीद आणि त्याचा मुलगा सुलतानाच्या नावाने कारभार करू लागले. नावापुरते सुलतान होत राहिले. शेवटचा कलीमुल्लाह. त्याने बाबराला चोरून मदतीचे पत्र लिहिले, ते उघडकीस आले, आणि तो बिदर सोडून आधी विजापूरला व मग अहमदनगरला गेला. १५२७च्या सुमारास बहमनी राज्य असे कोणाच्या लक्षातही न येता संपले.

आणि गावानने घेतलेले गोवे? १५१० मध्ये पोर्तुगीजांनी ते विजापूरकरांकडून हिसकावले. फुटलेल्या घराच्या समुद्राकडच्या दाराला कुलूप नव्हते. मदरशाचे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. पुढे मोगल काळात तेथे बंदुकीची दारू साठवली गेली, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस तिचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग कोसळला. जेथे किताबे होती तेथे बारूद ठेवली, याला बाहेरचा शत्रू काय करणार?

अहमदनगरात तोच धडा

मलिक हसनच्या वंशजांनी या इतिहासातून काही शिकायला हवे होते. पण निजामशाहीत तोच आजार शतकाने पुन्हा उफाळला. १५८९ मध्ये अहमदनगरात सत्तेच्या भांडणात परदेशी लोकांची कत्तल झाली. फरिश्ता तेव्हा तेथेच होता आणि जीव वाचवून विजापूरला गेला. १५९५ मध्ये सुलतान लढाईत पडला, तेव्हा गादीवर चार गटांनी आपापले हक्कदार उभे केले. त्यांतील मियाँ मंजू या दख्खनी सरदाराने विरोधकांचा काटा काढण्यासाठी गुजरातेत असलेल्या मोगल शहजादा मुराद याला पत्र लिहून मदतीला बोलावले. मोगल येणारच होते, हे खरे. अकबराचे लक्ष दख्खनवर होतेच. पण त्यांना निमंत्रणपत्र घरातून गेले.

त्या वेळी हुसेन निजामशाहची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशाहची विधवा चांदबीबी उभी राहिली. सुरुंगाने तटाला पडलेले खिंडार रातोरात बुजवून तिने किल्ला वाचवला आणि १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह केला. १६०० मध्ये शहजादा दानियालचा वेढा पडला. आता लढून निभाव लागणार नाही, वाटाघाटी कराव्यात, असे तिचे मत झाले. एवढे निमित्त पुरले. ती मोगलांना फितूर झाली, अशी हाकाटी किल्ल्यात उठली आणि तिच्याच लोकांनी तिला तिच्या महालात ठार केले. पुढच्या काही आठवड्यांतच किल्ला मोगलांच्या हाती गेला. म्हणजे जिला फितूर म्हणून मारले, तिच्या मरणानेच शत्रूची वाट मोकळी झाली.

गावान आणि चांदबीबी यांच्यामध्ये एकशे एकोणीस वर्षांचे अंतर आहे. आरोप तोच आहे, चौकशीचा अभाव तोच आहे, परिणामही तोच. पुढे मलिक अंबर या हबशी सरदाराने पाव शतक निजामशाही जिवंत ठेवली, मराठे आणि हबशी यांना एकत्र जोडले. पण १६२६ मध्ये तो गेला आणि पुन्हा तेच. १६२९ मध्ये लखुजी जाधवांना भर दरबारी दौलताबादला मारण्यात आले. अंबरचा मुलगा फतहखान याने स्वतःच्याच सुलतानाला ठार केले आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांना देऊन टाकला. शहाजीराजांनी एका लहान मुलाला गादीवर बसवून निजामशाही टिकवण्याचा प्रयत्न केला, पण १६३६ मध्ये तेही संपले.

मग आपण काय घ्यायचे?

यातून मला जे दिसते ते असे. गटबाजी प्रत्येक समाजात असते, ती पूर्णपणे संपवता येत नाही. बहमनी राज्य दोन गट होते म्हणून बुडाले नाही. शंभर वर्षे ते दोन गटांसह चाललेच होते. ते बुडाले, कारण दोन्ही गटांना जोडणाऱ्या माणसावर संशय घेणे सोपे झाले आणि त्या संशयाची शहानिशा करणारी कोणतीही रीत उरली नाही. मधला माणूस दोन्हीकडून उघडा असतो. तो आपल्यांना पुरेसा आपला वाटत नाही, परक्यांना तर परकाच असतो. म्हणून कारस्थान नेहमी त्याच्यापासून सुरू होते. आणि तो गेला, की दोन्ही गटांना बोलण्यासाठी फक्त तलवार उरते.

आज आपल्याकडे राज्ये नाहीत. पण शाळा आहेत, ट्रस्ट आहेत, पतसंस्था आहेत, मशिदीच्या कमिट्या आहेत, साहित्य संमेलनेही आहेत. या ठिकाणी हिशेबाचा आरोप कोणावर आला, तर आपण आधी वह्या मागतो की आधी माणसाला बाहेर काढतो? नवा, बाहेरगावचा, दुसऱ्या बिरादरीचा, दुसऱ्या मसलकचा माणूस चांगले काम करू लागला, तर आपण त्याचे काम पाहतो की त्याचे गाव विचारतो? आणि आपापसातले भांडण हरत आलो, की कोणत्या शहजादा मुरादला पत्र लिहितो? प्रत्येकाने आपल्या गावापुरते उत्तर द्यावे.

शेवटी एकच गोष्ट. ज्या दख्खनी-आफाकी भांडणापायी एवढे रक्त सांडले, त्याचे आज काय उरले आहे? दख्खनी म्हणून आपण घरात बोलतो ती भाषा उरली, आणि तिच्यात फारसी आणि मराठी शब्द शेजारी शेजारी, एकमेकांना काही न विचारता नांदतात. आज आपल्यापैकी कोणाचा पूर्वज दाभोळला जहाजातून उतरला आणि कोणाचा पूर्वज इथल्याच मातीत वाढला, हे छातीठोकपणे कोण सांगू शकेल? बिदरबाहेर ख्वाजा गावानची साधी कबर आहे. तिच्यापुढे उभे राहून फातिहा पढणाऱ्या माणसाला, तो दख्खनी की आफाकी, असे आता कोणी विचारत नाही. हे शहाणपण पाचशे वर्षांपूर्वी, कोंडपल्लीच्या त्या तळावर, एका दिवसापुरते जरी कोणाला सुचले असते, तर पत्राखालचा शिक्का कोणी आणि कसा मारला, एवढा एक प्रश्न तरी विचारला गेला असता.